दोन बस एकदमच का येतात?

बराच वेळ वाट पाहून पाय दुखायला लागले, की एकाच क्रमांकाच्या दोन बस पाठोपाठ येताना दिसतात. पहिलीच्या दारात माणसे लोंबकळत असतात आणि दुसरीत खिडकीजवळच्या जागाही रिकाम्या असतात. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेले आहे, आणि त्याचा दोष आपण बहुतेक वेळा चालकाच्या माथी मारतो. वास्तविक चालकाने काही चूक केली नाही, रस्त्यात अपघात झाला नाही, एकही बस बंद पडली नाही, तरी बस अशा जोडीने येऊ लागतात, इतके यामागचे गणित पक्के आहे. ते एकदा उमगले, की बस वेळेवर येणे, वयस्क किंवा दिव्यांग माणसाला तिच्यात चढता येणे आणि चढता-उतरताना कोणी पडून जखमी न होणे या तीन गोष्टी बस थांब्यावर उभी असते त्या अर्ध्या मिनिटात किती गुंतलेल्या आहेत, तेही दिसू लागते.

समजा, एका मार्गावर दर १० मिनिटांनी बस सुटते आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर मिनिटाला एक प्रवासी येऊन उभा राहतो. बस वेळेवर आली तर तिला प्रत्येक थांब्यावर १० प्रवासी मिळतील. एका प्रवाशाला चढायला ४ सेकंद लागत असतील तर बस ४० सेकंद थांबेल, आणि वेळापत्रक आखताना एवढा वेळ धरलेलाच असतो. आता यातली एक बस सिग्नलला अडकून २ मिनिटे मागे पडली. पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी १० ऐवजी १२ माणसे उभी असतील, त्या जास्तीच्या दोघांना चढायला ८ सेकंद लागतील आणि उशीर २ मिनिटे ८ सेकंदांवर जाईल. त्यापुढच्या थांब्यावर आणखी थोडी जास्त माणसे आणि आणखी थोडा उशीर. व्याजावर व्याज चढावे तसा उशिरावर उशीर चढत जातो आणि विसाव्या थांब्यापर्यंत सुरुवातीच्या २ मिनिटांची ७ मिनिटांहून जास्त झालेली असतात.

मागून येणाऱ्या बसचे नेमके उलटे होते. ती वेळेवर सुटलेली असते, पण तिच्या वाट्याचे काही प्रवासी पुढची रखडलेली बस आधीच उचलून गेलेली असते. त्यामुळे तिला प्रत्येक थांब्यावर कमी थांबावे लागते, काही थांब्यांवर तर कोणीच नसते, आणि ती हळूहळू पुढच्या बसला जाऊन भिडते. पुढची संथ होत जाते, मागची वेगवान होत जाते, आणि एकदा दोघी भेटल्या की शेवटच्या थांब्यापर्यंत सोबतच राहतात. गॉर्डन न्यूवेल आणि रेनफ्री पॉट्स या दोन अभ्यासकांनी १९६४ मध्येच हे गणितात मांडून दाखवले होते. म्हणजे समान अंतर राखून धावणाऱ्या बस ही मुळातच अस्थिर व्यवस्था आहे. कोणीतरी ती सतत सावरत राहिले तरच ती टिकते.

आता प्रवाशाच्या बाजूने पाहू. तासाला ६ बस अगदी समान अंतराने आल्या, तर मनात येईल तेव्हा थांब्यावर जाणाऱ्या माणसाला सरासरी ५ मिनिटे वाट पाहावी लागते. त्याच ६ बस जोड्यांनी आल्या, म्हणजे १८ मिनिटे काहीच नाही, मग एक बस, २ मिनिटांनी दुसरी, आणि पुन्हा १८ मिनिटे काहीच नाही, तर काय होईल? दर १० पैकी ९ प्रवासी त्या १८ मिनिटांच्या लांब खंडात थांब्यावर येतात आणि सरासरी ९ मिनिटे उभे राहतात. उरलेल्या एकाला एकच मिनिट थांबावे लागते. सगळ्यांची सरासरी ८.२ मिनिटे येते. शिवाय १० पैकी ज्या ९ जणांनी जास्त वाट पाहिली, तेच खच्चून भरलेल्या बसमध्ये चढतात. म्हणून प्रवासी म्हणतो की बस कधी वेळेवर येत नाही आणि येते ती भरलेलीच. परिवहन उपक्रमाचा अधिकारी कागद दाखवून सांगतो की तासाला ६ फेऱ्या झालेल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या जवळजवळ रिकाम्या गेल्या. दोघेही खरेच बोलत असतात. मात्र एक जण रस्त्यावर धावलेल्या बस मोजतो आणि दुसरा दोन बसमधले अंतर अंगावर काढतो.

या प्रश्नाची खरी मेख मोजमापात आहे, असे मला वाटते. मुंबईची बेस्ट काय किंवा पुण्याची पीएमपीएमएल काय, दोन्हीकडे आता स्वतःच्या बसबरोबर भाड्याच्या बस मोठ्या प्रमाणावर धावतात. या पद्धतीत बस ठेकेदाराची, देखभाल त्याची, चालकही त्याचा. तिकिटाचे पैसे उपक्रमाकडे जमा होतात आणि उपक्रम ठेकेदाराला धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर देतो. मोजले जाते ते किलोमीटर, त्यामुळे काळजीही किलोमीटरचीच घेतली जाते. दोन बस एकमेकींना चिकटून धावल्या तरी किलोमीटर तेवढेच भरतात. लंडनमध्ये ज्या मार्गांवर तासाला ५ किंवा त्याहून जास्त बस असतात, तिथे वेगळा हिशेब ठेवला जातो: वेळापत्रकाप्रमाणे सरासरी किती वाट पाहावी लागली असती आणि प्रत्यक्षात किती पाहावी लागली, यांतला फरक काढतात आणि ठेकेदाराच्या मोबदल्यात त्यानुसार वाढ किंवा कपात करतात. वरच्या उदाहरणात हा फरक ३.२ मिनिटे आला असता, आणि तो ज्याच्या खिशाला लागला असता त्याने बसमधले अंतर राखायला माणूस नेमला असता.

अंतर राखायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात उपयोगी उपाय म्हणजे शेवटच्या थांब्यावर श्वास घ्यायला वेळ ठेवणे. एका फेरीला ५० मिनिटे लागत असतील आणि परतीची फेरी बरोबर एकावन्नाव्या मिनिटाला सुटणार असे कागदावर लिहिले असेल, तर सकाळचा ७ मिनिटांचा उशीर रात्रीपर्यंत त्या बसच्या मानगुटीवर बसतो. तिथे ८-१० मिनिटे मोकळी असली, तर उशीर जिरतो आणि पुढची फेरी वेळेवर सुटते. याच वेळात चालक-वाहकांना पाणी पिता येते आणि स्वच्छतागृहात जाता येते. वाहकांमध्ये आता महिला बऱ्याच असल्याने तिथे स्वच्छतागृह असणे हीसुद्धा वक्तशीरपणाची गरज आहे. दुसरा उपाय म्हणजे मधल्या एखाद्या मोठ्या थांब्यावर वेळेआधी आलेल्या बसला मिनिट-दोन मिनिटे थांबवून धरणे. पूर्वी चौकीत वही घेऊन बसलेला टाइमकीपर हेच काम करत असे. आज त्याच्या मदतीला जीपीएस आहे. प्रवासी वाहतुकीच्या नव्या वाहनांत ठिकाण कळवणारे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटण असलेच पाहिजे, असा नियम १ जानेवारी २०१९ पासून लागू आहे. प्रत्येक बस कुठे आहे हे पडद्यावर दिसते. प्रश्न उरतो तो त्या पडद्याकडे पाहून चालकाला ‘२ मिनिटे थांब’ असे सांगणारा कोणी आहे का, एवढाच. आणि चालक थांबला की आतले प्रवासी ‘चला की हो!’ म्हणून ओरडतात. ती २ मिनिटे पुढच्या थांब्यांवरच्या माणसांसाठी आहेत हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

गणितातले ४ सेकंद मी मुद्दाम तसेच सोडून दिले होते. एका माणसाला चढायला किती वेळ लागतो हे ठरते कशावरून?

माझी आई ७४ वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे दुखतात. बस आली की ती आधी पिशवी डाव्या खांद्यावर सरकवते, उजव्या हाताने दारातला दांडा पकडते, उजवा पाय पायरीवर ठेवते आणि क्षणभर तशीच थांबते, कारण पुढचा जोर सगळा त्या एका गुडघ्यावर येणार असतो. एकदा ती अशीच थांबलेली असताना मागच्या माणसाने ‘चला आजी’ म्हणत हलकेच ढकलले, वाहकाने डबल बेल दिली, बस हलली आणि आई दांड्याला धरून अर्धी दाराबाहेर राहिली. आतल्या एका मुलीने तिचा दंड पकडला म्हणून पुढचे टळले. त्यानंतर मी एका रिकाम्या उभ्या बसची पहिली पायरी टेपने मोजली, तर ती रस्त्यापासून ४० सेंटीमीटर निघाली. आपल्या घरातल्या जिन्याची पायरी साधारण १५ ते १७ सेंटीमीटर असते. म्हणजे जी बाई घरचा जिनाही कठड्याला धरून चढते, तिला आम्ही दुपटीहून उंच पायरी घाईत चढायला सांगत होतो.

ही उंची कुठून आली? आपल्याकडच्या शहरी बस पूर्वापार ट्रकच्या सांगाड्यावर बांधल्या जात आणि त्यांचा तळ रस्त्यापासून मीटरभर उंच असे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या पैशांतून शहरांनी बस घेताना शहरी बसची वेगळी मानके ठरली, तेव्हा ४०० मिलिमीटर, ६५० मिलिमीटर आणि ९०० मिलिमीटर अशा तळाच्या उंची लिहिल्या जाऊ लागल्या. ४०० मिलिमीटरच्या बसला दारात पायरीच नसते. जमिनीवरून थेट आत. तिच्यासाठी इंजिन मागे न्यावे लागते, आस वेगळा लागतो, हवेवर चालणारे सस्पेन्शन लागते, म्हणून ती महाग पडते आणि खड्डे किंवा साचलेले पाणी दाखवून तिला नकार दिला जातो. याच सस्पेन्शनमधली हवा कमी करून बस दाराच्या बाजूला आणखी काही सेंटीमीटर खाली झुकवता येते, आणि दारातला घडीचा उतार उघडला की व्हीलचेअर आत नेता येते.

मात्र बस कितीही चांगली घेतली तरी तिचे निम्मे काम फूटपाथने करायचे असते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार फूटपाथची कड १५ सेंटीमीटरहून उंच नसावी. बस त्या कडेला चिकटून उभी राहिली तर ४० मधले १५ गेले, चढायला उरले २५. बस झुकली तर त्याहून कमी. तीच बस कडेपासून दीड मीटर लांब थांबली, तर आधी फूटपाथवरून खाली उतरायचे, पाण्याच्या डबक्यातून दोन पावले टाकायची आणि पुन्हा पूर्ण ४० सेंटीमीटर चढायचे. व्हीलचेअरसाठी १:१२ हे उताराचे मान्य प्रमाण आहे. त्या हिशेबाने ४० सेंटीमीटर उंचीला जवळजवळ ५ मीटर लांब उतार लागेल, आणि बसच्या दारातला उतार असतो जेमतेम मीटरभर. म्हणून बस कडेपासून दूर उभी राहिली की तिच्यातली महागडी सोय त्या क्षणी निरुपयोगी होते.

आता पुन्हा गणिताकडे येऊ. सपाट तळ, रुंद दार आणि कडेला लागून थांबलेली बस यांमुळे प्रत्येकाचा चढण्याचा वेळ ४ सेकंदांवरून २ सेकंदांवर आला असे धरा. तीच बस, तोच सिग्नल, तीच २ मिनिटे आणि तेच २० थांबे. पण शेवटी उशीर ७ मिनिटांच्या पुढे जाण्याऐवजी ४ मिनिटांच्या आतच राहतो. ज्या सोयीकडे मूठभरांसाठीचा खर्च म्हणून पाहिले जाते, ती प्रत्येक प्रवाशाचा वेळ वाचवते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने सार्वजनिक वाहतूक सर्वांना वापरता येईल अशी करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे, आणि सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक केले पाहिजेत असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले. कायद्याचे म्हणणे बरोबरच आहे. पण ज्याला हक्काची भाषा जड वाटते, त्याने निदान हा ४ आणि २ सेकंदांचा हिशेब करून पाहावा.

सुरक्षिततेचा धागा इथूनच निघतो. उशीर झालेला चालक काय करतो? तो थांब्यावर पूर्ण थांबत नाही, दार उघडेच ठेवतो, म्हातारा माणूस आसनावर टेकायच्या आत बस हलवतो, कडेला घेण्याऐवजी रस्त्याच्या मध्येच उभी करतो म्हणजे निघायला सोपे. यातली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी पडण्याचे कारण ठरू शकते. दार बंद झाल्याशिवाय बस हलूच नये अशी यंत्रणा बसवता येते आणि ती बसवलीच पाहिजे. पण ज्या चालकाच्या वेळापत्रकात थांब्यावरच्या गर्दीला जागाच नाही, त्याला नुसते सावकाश चालवायला सांगणे मला न्याय्य वाटत नाही.

प्रशिक्षणाचा प्रश्न याला लागूनच आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ल्याला भाड्याने घेतलेली १२ मीटर लांबीची विद्युत बस भरगर्दीत घुसली, त्यात अनेकांचे प्राण गेले, आणि चालकांना नव्या प्रकारच्या बसचे शिक्षण किती दिले जाते याची चर्चा सुरू झाली. डिझेलच्या जुन्या बसमध्ये क्लच आणि गिअर असल्याने वेग टप्प्याटप्प्याने चढतो. विद्युत मोटर मात्र उभ्या अवस्थेतूनच पूर्ण जोर देते, आणि पाय उचलला की काही प्रमाणात आपोआप ब्रेकही लागतो. वर्षानुवर्षे एका प्रकारच्या बसवर बसलेली पायांची सवय दुसरीवर दोन-चार दिवसांत बदलत नाही. चालक ठेकेदाराचा असला तरी बसवर नाव उपक्रमाचे असते, तेव्हा त्याच्या शिक्षणाची शेवटची जबाबदारीही उपक्रमाचीच असायला हवी.

शिवाय प्रवासी हा दोन्ही टोकांना पादचारी असतो. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट, हडपसर या मार्गावर देशातल्या पहिल्या काही बीआरटींपैकी एक सुरू झाली. बसला स्वतंत्र मार्गिका देणे ही कल्पना अगदी योग्य होती, कारण सिग्नलवरची ती सुरुवातीची २ मिनिटेच त्यामुळे टळतात. पण थांबे रस्त्याच्या मधोमध आले, की तिथवर पोहोचण्यासाठी प्रत्येक प्रवाशाला भरधाव रहदारी ओलांडावी लागते. तिथे सिग्नल आणि पांढरे पट्टे नसतील, तर बसचा प्रवास सुखाचा आणि बसपर्यंतचा प्रवास जिवावरचा, अशी अवस्था होते.

रात्रीच्या थांब्याबद्दलही थोडे लिहायला हवे. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्या एसटी स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला, तेव्हा स्थानके आणि आगारे यांच्या सुरक्षेकडे सगळ्यांचे लक्ष गेले. दिवे, पहारा, बंद बसना कुलूप आणि बटण दाबल्यावर खरोखर उत्तर देणारा माणूस, हे सगळे हवेच. पुण्यात २०१८ पासून महिलांसाठी तेजस्विनी बस आहेत, त्यांचाही आधार वाटतो. पण रात्री १० वाजता एकट्या थांबलेल्या मुलीला विचारले, तर ती आधी एवढेच विचारेल की बस नक्की किती मिनिटांत येईल. ५ मिनिटांची वाट आणि २५ मिनिटांची वाट यांत तिच्यासाठी केवळ वेळेचा फरक नसतो.

या सगळ्याच्या तळाशी बसची संख्या आहे. बेस्टकडे दीड दशकापूर्वी ४ हजारांहून अधिक बस होत्या. २०२५ मध्ये ती संख्या ३ हजारांच्या खाली आली. आगारात दोन-चार बस राखीव उभ्या असल्या तर वाटेत एखादी बंद पडल्यावर तिच्या जागी दुसरी जाते. राखीव बस नसेल तर ती फेरीच रद्द होते, १० मिनिटांच्या अंतराचे एकदम २० होते, पुढच्या बससाठी दुप्पट माणसे जमतात, आणि वर सांगितलेले चक्र आणखी मोठ्या उशिराने सुरू होते. संख्या अपुरी असताना उरलेल्या बसमधले अंतर राखणे जास्त महत्त्वाचे ठरते; प्रत्यक्षात मात्र नेमके तेव्हाच त्याकडे पाहायला कोणाला फुरसत नसते.

आमच्या घराजवळचा थांबा चार मिनिटांच्या अंतरावर आहे. तिथे सकाळपासून रिक्षा उभ्या असतात, त्यामुळे बस तिरकी घुसते. पुढचे दार फूटपाथपासून हातभर लांब राहते आणि मागचे त्याहून लांब. त्याच्या अलीकडे, उलट्या दिशेला चालत गेले तर दहा मिनिटांवर दुसरा थांबा आहे. रस्त्याचे काम करताना तिथला फूटपाथ बसच्या लांबीएवढा रस्त्यात थोडा पुढे काढला गेला, त्यामुळे रिक्षांना उभे राहायला कोपराच उरला नाही आणि बस आपल्या ओळीतून न हलता सरळ कडेला लागते. आईला मंदिरात जायचे असते तेव्हा ती जवळचा थांबा सोडून, दुखऱ्या गुडघ्यांनी, या लांबच्या थांब्यापर्यंत चालत जाते. तिथे बसमध्ये पाय नुसता टाकता येतो, असे ती म्हणते.